एक विद्यार्थी, दोन शिक्के

वीसपैकी चौदा. समोरच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मुलीची फ्रान्सहून आलेली गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि मनातला हिशोब अखेर बोलून दाखवला. "म्हणजे सत्तरच टक्के की हो. इथे ती नव्वदच्या खाली कधी आली नव्हती."

टेबलापलीकडच्या मॅडमना हा प्रसंग नवा नसावा. तिकडे दहाला पास, बाराला बरा शेरा, चौदाला चांगला आणि सोळाच्या पुढे अत्युत्तम, असं त्यांनी समजावून सांगितलं. अठरा-एकोणीस क्वचितच कुणाला मिळतात. "चौदा म्हणजे पेढे वाटा, काका." काकांचा चेहरा तरीही सत्तर टक्क्यांचाच राहिला.

हे पुण्यातल्या एका विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय. दोन खोल्या, मोजकी माणसं, भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्याखाली परदेशी पाहुण्यांशी हस्तांदोलनाचे फोटो. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'भागीदारी' ठेवला, तेव्हा धंद्यातली आणि नाटक कंपन्यांमधली भागीदारी मलाही आधी सुचली. पण गेली काही वर्षं ओळखीच्या घरांतून एक नवं वाक्य कानावर पडत होतं, 'आमची दोन पदव्या घेतेय, एक इथली, एक तिथली.' दोन विद्यापीठं मिळून एका विद्यार्थ्याला शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात? पेपर कोण काढतं, नापास कोण करतं, शेवटच्या कागदावर सही कुणाची? घरच्यांना हे नीट सांगता येत नव्हतं, आणि मुलांनाही नाही. म्हणून मी अशा कार्यालयांत जाऊन बसू लागले.

फोटोंतल्या करारांपैकी चालू किती, असं विचारल्यावर मॅडम हसल्या. "फोटोला करार पुरतो. मुलगी पाठवायची तर तक्ता लागतो."

तीस टक्क्यांची रेघ

तक्ता म्हणजे काय ते पुढे येईलच. आधी नियम. मे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांशी भागीदारीचे नवे विनियम काढले. २०१२ आणि २०१६ चे आधीचे नियम इतके अडखळत चालणारे होते की त्यांतून फारसं काही उभं राहिलं नाही. नव्या नियमांत तीन वाटा आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

पहिली वाट ट्विनिंगची. विद्यार्थी भारतीय विद्यापीठाचा, पदवीही भारतीय विद्यापीठाची. जास्तीत जास्त तीस टक्के क्रेडिट परदेशी जाऊन मिळवायची. दुसरी संयुक्त पदवी. अभ्यासक्रम दोघांनी मिळून आखायचा, दोन्हीकडे किमान तीस-तीस टक्के क्रेडिट मिळवायची आणि शेवटी दोघांची नावं नि मानचिन्हं असलेलं एकच प्रमाणपत्र घ्यायचं. तिसरी दुहेरी पदवी. इथे दोन्ही विद्यापीठं एकाच विषयातली, एकाच पातळीची आपापली पदवी स्वतंत्रपणे आणि एकाच वेळी देतात, आणि किमान तीस टक्के क्रेडिट भारतीय विद्यापीठात मिळवलेली असावी लागतात. प्रवेशही दोन्हीकडे वेगवेगळा, दोघांच्या अटी पाळून. बी.एस्सी. करता करता शेजारच्या कॉलेजात बी.ए. करण्याशी याचा काही संबंध नाही. विनियमांत हे मुद्दाम स्पष्ट केलंय.

भागीदार कोण होऊ शकतं, तेही ठरलेलं आहे. नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण असलेलं किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात असलेलं भारतीय विद्यापीठ जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या हजारातल्या परदेशी विद्यापीठाशी आयोगाच्या परवानगीशिवाय करार करू शकतं. ऑनलाइन शिक्षण आणि फ्रँचायझी यांना यात जागा नाही. आणि सगळ्यात उपयोगाचं वाक्य शेवटाकडे आहे. या वाटेने मिळालेल्या पदवीला वेगळं समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. परदेशी पदवी घेऊन परतल्यावर ज्यांनी त्या एका कागदासाठी महिनोन्महिने ईमेल केले आहेत, त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

आता हा तीस टक्क्यांचा नियम जमिनीवर कसा वागतो ते पाहा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठांत नव्या धोरणानुसार सत्राला २२ क्रेडिट असतात. म्हणजे दोन वर्षांच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.ला ८८. त्याचे तीस टक्के साडेसव्वीसच्या घरात. विद्यार्थी एक सत्र परदेशी काढून आला तर झाली बावीस. संयुक्त पदवी चार-पाच क्रेडिटसाठी हुकली! मग प्रबंधाचा काही भाग तिकडच्या मार्गदर्शकाकडे दाखवा, नाहीतर मुक्काम वाढवा. मुक्काम वाढला की भाडं वाढलं, व्हिसाचा प्रकार बदलला, वसतिगृहाची मुदत संपली. कुणीतरी दिल्लीत मारलेली रेघ एखाद्या मुलीच्या खोलीभाड्यापर्यंत अशी पोचते.

चव्वेचाळीस बरोबर साठ बरोबर एकशेवीस

तक्ता म्हणजे समतुल्यतेचा तक्ता. तिकडचा अमुक विषय म्हणजे इकडचा तमुक, तिकडची इतकी क्रेडिट म्हणजे इकडची इतकी, तिकडचा हा शेरा म्हणजे इकडची ही श्रेणी. वर्षभराचा पूर्णवेळ अभ्यास युरोपात ६० क्रेडिटचा, ब्रिटनमध्ये १२० चा, अमेरिकेत साधारण ३० चा आणि आपल्याकडे ४० ते ४४ चा. आकडे वेगळे असले तरी वर्ष तेच, म्हणून प्रमाणाने भागलं की झालं, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

खरी कुरबूर क्रेडिट काय मोजतं यावर असते. युरोपात एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात आणि त्यात वर्गातले तास, ग्रंथालयातले तास, घरी निबंध लिहिण्याचे तास, सगळं येतं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या तास म्हणजे वर्गातला तास. नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने क्रेडिटमागे एकूण तीस तासांच्या अभ्यासाचा हिशोब आणला आहे, पण विभागांतली वेळापत्रकं अजून जुन्याच मनाने आखली जातात. त्यामुळे परदेशी विद्यापीठाकडून 'तुमच्या या चार क्रेडिटच्या विषयात विद्यार्थी स्वतः किती वाचतो?' असा साधा प्रश्न आला की विभागप्रमुख एकमेकांकडे पाहतात.

गुणांचं तर विचारूच नका. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी, ४ ला पास, ५ म्हणजे नापास. आपले गुण तिकडे नेण्यासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च गुणांतून मिळालेले वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. शंभरपैकी सत्तर गुण आणि चाळीसला पास असेल तर उत्तर येतं २.५. पण हे सूत्र आपण उत्तीर्णतेची रेघ कुठे आखतो त्यावर हलतं. पासाची मर्यादा चाळीसऐवजी पन्नास असलेल्या विद्यापीठातल्या सत्तरवाल्याला २.८ पडते. म्हणजे ज्याच्याकडे पास होणं अवघड, त्याची श्रेणी जास्त घसरते. गणित बरोबर आहे. न्याय कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि केटी, म्हणजे राहिलेला विषय. जर्मनीत एखाद्या अनिवार्य विषयाच्या परीक्षेला साधारणपणे तीनच संधी मिळतात; तिसऱ्यांदाही उडालात तर नाव कमी होतं आणि तो अभ्यासक्रम त्या देशात दुसरीकडेही करता येत नाही. आपला विद्यार्थी केटी डोक्यावर घेऊन आरामात पुढच्या वर्षात जाणारा. दुहेरी पदवीच्या करारात म्हणून एक कलम हवंच असतं. एकीकडे कायमचा नापास झाला तर दुसरीकडची पदवी मिळणार की नाही? आणि तिकडे उडालेल्या विषयाची फेरपरीक्षा द्यायला परत विमानाने जायचं का? मी पाहिलेल्या एका मसुद्यात हे कलम नव्हतं. ज्या कार्यालयाने तो केला होता, तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, "अजून कुणी नापास झालेलं नाही."

हा तक्ता विषयाविषयाने अभ्यास मंडळापुढे जातो, मग विद्या परिषदेपुढे. तिकडेही तसंच. इकडे अभ्यासक्रम बदलला की तक्ता पुन्हा पहिल्यापासून. आणि गेल्या काही वर्षांत नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून आपल्याकडे अभ्यासक्रम किती वेळा बदलले, ते प्राध्यापकांना विचारा. शक्यतो त्यांच्या जेवणानंतर विचारा.

पवईतला मधला दुवा

या सगळ्यातून पार पडलेलं आणि टिकलेलं उदाहरण मुंबईतच आहे. आयआयटी बॉम्बे आणि मेलबर्नचं मोनॅश विद्यापीठ यांनी २००८ मध्ये पवईच्या आवारात संयुक्त संशोधन अकादमी सुरू केली. इथून पीएच.डी. होणाऱ्याच्या पदवीवर दोन्ही संस्थांची मोहोर असते. विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक पवईचा, एक मोनॅशचा. बहुतेक काळ पवईत, आणि मधला काही काळ, साधारण सहा महिने ते वर्ष, मेलबर्नमध्ये.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती रचना. अकादमी ही आयआयटीची शाखा नाही आणि मोनॅशचं भारतातलं कार्यालयही नाही. ती दोघांनी मिळून उभी केलेली वेगळी संस्था आहे, तिला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. म्हणजे दोन घोड्यांवर बसलेल्या विद्यार्थ्याचं जीन सरकलं की ते नीट करणं हे कुणाचं तरी पूर्णवेळ काम आहे.

आणि जीन सरकायला जागा भरपूर. आयआयटीत संशोधक विद्यार्थ्याला दरवर्षी प्रगतीचं सादरीकरण द्यावं लागतं. मोनॅशमध्ये टप्पे असतात, आधी उमेदवारी पक्की होण्याचा, मग प्रगतीचा आढावा, मग प्रबंध सादर करण्यापूर्वीचा. भारतात प्रबंध तपासून आला की व्हायवा होते, ती परंपराच आहे, ऑस्ट्रेलियात पीएच.डी. बहुतांशी बाहेरच्या परीक्षकांच्या लेखी अहवालांवर ठरत आली. दोन्हीकडच्या नियमांची बेरीज केली तर विद्यार्थी परीक्षा देत देतच म्हातारा होईल. म्हणून कुठला टप्पा कशात धरायचा, हे एकदाच बसून ठरवावं लागतं, आणि नवा मार्गदर्शक आला की त्याला समजवावं लागतं. मेलबर्नचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास, तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच. दोन्ही मार्गदर्शकांना एकत्र बसवायचं तर पवईत सकाळ आणि मेलबर्नमध्ये दुपार, एवढाच सोयीचा पट्टा.

वर्षाचं चक्रही उलटं. तिकडचं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतं आणि नोव्हेंबरमध्ये संपतं. आपलं जुलै-ऑगस्टमध्ये उघडतं. संशोधनात हे निभावून जातं, कारण प्रयोगशाळेला सत्र नसतं. बी.एस्सी.च्या मुलाला मात्र दोन वेळापत्रकांच्या फटीत तीन-चार महिने घरी बसायची पाळी येऊ शकते. संयुक्त पीएच.डी. तग धरतात आणि संयुक्त पदवी अभ्यासक्रम कागदावरच राहतात, याचं एक साधं कारण हे असावं, असं माझं मत झालं आहे. संशोधनात दोन माणसांचं जमलं की पुरतं. पदवी अभ्यासक्रमात दोन परीक्षा विभागांचं जमावं लागतं.

मेत्स आणि झारब्र्युकन

हे जमवण्याची कला कुणाला साधली असेल तर फ्रेंच आणि जर्मनांना. जर्मनीतलं झारब्र्युकन आणि फ्रान्समधलं मेत्स ही सीमेच्या दोन बाजूंची शहरं. मेत्स १८७१ ते १९१८ जर्मन साम्राज्यात होतं. झारलँडचा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या ताब्यात, दुसऱ्यानंतर फ्रान्सच्या छायेत, आणि १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत सामील झाला. त्या मातीत १९७८ पासून दोन्ही देशांचे विद्यार्थी एकाच तुकडीत अभियांत्रिकी, व्यवस्थापन वगैरे विषय शिकत आले आहेत. सगळी तुकडी आलटून पालटून कधी मेत्सला, कधी झारब्र्युकनला. जर्मन मुलांना फ्रेंचमध्ये पेपर लिहावे लागतात, फ्रेंच मुलांना जर्मनमध्ये. शेवटी दोन्ही देशांच्या पदव्या.

१९९७ मध्ये दोन्ही सरकारांनी वायमारला करार केला आणि त्यातून १९९९ मध्ये फ्रेंच-जर्मन विद्यापीठ उभं राहिलं. या विद्यापीठाला वर्ग नाहीत, आवार नाही. झारब्र्युकनमध्ये एका जुन्या बंगल्यात त्याचं सचिवालय आहे आणि काम एकच, दोन्ही देशांतल्या विद्यापीठांच्या जोड्यांचे अभ्यासक्रम तपासणं, त्यांना पैसा देणं आणि सीमेपलीकडे राहणाऱ्या विद्यार्थ्याला भत्ता देणं. खर्च दोन्ही सरकारं निम्मा-निम्मा उचलतात. पवईची अकादमी आणि हा बंगला यांत मला नात्यातलं साम्य दिसतं. दोन्हीकडे मधे कुणीतरी पगारी माणूस बसवलेला आहे. आपल्याकडच्या बहुतेक करारांत हा मधला माणूस म्हणजे हौसेने काम अंगावर घेतलेले एखादे प्राध्यापक. ते निवृत्त झाले किंवा त्यांची विभागप्रमुखपदाची पाळी संपली, की करार भिंतीवर जातो.

राजाच्या नावाने

संयुक्त पदवीचं एकच प्रमाणपत्र ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण पदवी हा सरकारी दस्तऐवजही असतो. स्पेनमध्ये अधिकृत पदवी राजाच्या नावाने निघते आणि कुलगुरू ती राजाच्या वतीने देतात. आता त्याच कागदावर फ्रान्सच्या आणि इटलीच्या विद्यापीठाची मुद्रा उमटवायची तर मजकूर काय लिहायचा, कुठल्या भाषेत, कागद कुणाचा? युरोपीय संघाने २००४ मध्ये इरास्मुस मुंडुस ही योजना आणली. तीन देशांतल्या किमान तीन संस्थांनी मिळून चालवायचे एम.ए., एम.एस्सी. अभ्यासक्रम, आणि विद्यार्थ्याने किमान दोन देशांत शिकायचं. तेव्हा असल्या प्रश्नांवर बैठकांमागून बैठका झाल्या. दर्जाची तपासणी प्रत्येक देशाच्या यंत्रणेकडून वेगळी करावी लागे, ती एकदाच सामाईक करण्याची पद्धत युरोपातल्या शिक्षणमंत्र्यांनी येरेवानमध्ये मान्य केली ती थेट २०१५ मध्ये. म्हणून आजही अनेक ठिकाणी शिकवणं संयुक्त आणि कागद मात्र दोन, असाच तोडगा चालतो.

या योजनेचं नाव महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून आता चांगलंच माहीत आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क नाही आणि महिन्याला १४०० युरो. बीजगणित आणि संख्या सिद्धांताचा 'अल्गांट' हा याच धर्तीचा अभ्यासक्रम घ्या. बोर्दो, लायडन, मिलान, पादोवा अशा विद्यापीठांच्या या साखळीत पहिलं वर्ष एका गावात आणि दुसरं दुसऱ्या देशात काढायचं. शिष्यवृत्ती नसेल तर मात्र चित्र पालटतं. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. शिवाय २०२२ पासून कागदपत्रांच्या पडताळणीचं वेगळं प्रमाणपत्र. दोन देशांत शिकणार असाल तर दोन व्हिसा, दोन भाडेकरार, दोन विमे. विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये अभ्यासाच्या वह्यांपेक्षा जाड काही असेल तर या कागदांची फाइल.

अभ्यास एकदा, पदवी दोनदा

एक शंका माझ्या डोक्यातून जात नाही. संयुक्त पदवीत काम एक, कागद एक. हिशोब स्वच्छ आहे. दुहेरी पदवीत काम थोडं जास्तीचं, पण दुप्पट नक्कीच नाही, आणि पदव्या मात्र पूर्ण दोन. कॅनडातल्या अभ्यासक जेन नाइट यांनी २०११ मध्येच हा प्रश्न जोरात मांडला होता. एकच क्रेडिट दोन्हीकडे मोजलं तर पदवीचा अर्थ काय उरतो? प्रबंधही एकच, दोन्हीकडे तोच. 'दुहेरी पात्रता' म्हणून बायोडेटात दोन ओळी लिहिणारा मुलगा खोटं बोलत नाही, पण नोकरी देणारा वाचतो ते तेवढंच नसतं.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही मी ऐकलं. दोन वेगळ्या पद्धतींत तोच विषय शिकणं ही पुनरावृत्ती नसते. पुण्यात अर्थशास्त्र पाठ केलेली मुलगी तिकडे पहिल्यांदाच प्राध्यापकांशी वाद घालायला शिकते. हे खरं आहे. आयोगाच्या नियमातही दोन्हीकडच्या विषयांचा आशय एकमेकांवर चढू नये, अशी अट आहे. तरीही दोन वेगळे कागद कशाला, याचं उत्तर माझ्या मते शैक्षणिक नाही. संयुक्त कागद काढायचा तर दोन्ही देशांचे कायदे, दोन्ही परीक्षा विभाग, दोन्ही छापखाने जुळवावे लागतात. दोन कागद काढायला फक्त दोन छापखाने लागतात. सोयीला तत्त्वज्ञान चिकटवण्यात विद्यापीठं मागे नसतात, आपली आणि त्यांचीही.

जाणारे आणि येणारे

मेत्सच्या तुकडीत दोन्ही देशांची मुलं असतात. आपल्याकडे भागीदारी या शब्दाचा अर्थ अजून तरी 'आमची मुलं तिकडे' असाच आहे. जून २०२५ मध्ये ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइन संस्था यांना नवी मुंबईत शाखा उघडण्याची इरादापत्रं दिली गेली. तिथे तर आपल्या विद्यापीठाला कुणी विचारतच नाही. परदेशी पदवी, परदेशी अभ्यासक्रम, जागा फक्त आपली. या शाखा आल्यावर दुहेरी पदवीचं दुकान बसेल, असं काहीजण म्हणतात. मला उलट वाटतं. ज्या घरांना पूर्ण परदेशी शुल्क झेपत नाही, ती अर्धं शिक्षण इथल्या फीमध्ये आणि अर्धं तिथल्या फीमध्ये हाच हिशोब करत राहतील.

पण तिकडून इकडे यायला काय हरकत आहे? हा प्रश्न मी पुण्यातल्या मॅडमना विचारला. परदेशी विद्यार्थ्याने उतरल्यावर चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवायचं, ते जमतं, म्हणाल्या. वसतिगृहात खोली मिळते. जेवणाचंही होतं. मराठी भक्ती परंपरा, ऊसतोडीचं अर्थकारण, पश्चिम घाटातल्या वनस्पती, हे शिकायला यायची इच्छा असणारे विभाग युरोपात आहेत आणि त्यांची पत्रंही येतात.

"त्यांची अट एकच असते," त्या म्हणाल्या. "ऑगस्टमध्ये कुठले ऐच्छिक विषय शिकवणार, ते मार्चमध्ये कळवा. कारण तिकडे मुलाला विषयांची यादी दाखवल्याशिवाय परवानगी मिळत नाही."

आणि आपल्याकडे ते कधी ठरतं?

"प्रवेश झाले, शिकवायला कोण आहे ते पाहिलं, की मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात."